वाचकांचे प्रश्न : पेठेतला बॅडमिंटन हॉल

मागच्या अंकात पेठांमधल्या क्रीडा सभागृहांबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

आम्ही सहा जण मे महिन्यात संध्याकाळी खेळतो. कपडे घामाने पिळून निघतात, तरी हॉलचा माणूस पंखे लावू देत नाही, खिडक्याही बंद. हा कसला हट्ट? (नारायण पेठ)

हट्ट त्याचा नाही, फुलाचा, म्हणजे शटलचा आहे. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. बूच पुढे आणि १६ पिसांचा घेर मागे, त्यामुळे ते हवेत फार लवकर मंदावतं. शेवटी जवळजवळ सरळ खाली पडतं, आणि नेमकं तेव्हाच पंख्याची झुळूक त्याला बाजूला नेते. छताच्या पंख्याचा वारा जमिनीवर आपटून भिंतीकडे पसरतो. परिणाम असा की एका बाजूने मारलेला उंच फटका मागच्या रेषेबाहेर जातो आणि दुसऱ्या बाजूने तोच फटका कोर्टाच्या मध्यावर पडतो. खिडकी उघडली तर वारा येतोच, शिवाय कबुतरं येतात. लाकडी फरशीवरची त्यांची विष्ठा ओली असेपर्यंत पाय घसरतो आणि वाळली की डाग राहतो.

तुमची वेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं पंखे आणि एक्झॉस्ट चालू ठेवायला सांगा, ते कोणी नाकारत नाही. दर १५-२० मिनिटांनी पाच-सहा घोट पाणी घ्या. हातरुमाल पुरत नाही, छोटा टॉवेल ठेवा.

आणि सहा जणांचं गणित : तासातली पाच मिनिटं अंग गरम करण्यात गेली, तर २१ गुणांचे दुहेरीचे तीन गेम जेमतेम बसतात. तीन गेम म्हणजे बारा जागा, प्रत्येकाला दोन. एक गेम बाहेर बसा, पंख्याखाली नसलं तरी दाराशी. सात जण झालात की भांडणं ठरलेली.

मुंबईहून भावाने आणलेली फुलं पुण्यात मागच्या रेषेबाहेर जातात. माल खराब आहे का? (कोथरूड)

माल चांगला आहे, गाव बदललं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, म्हणून शटलला अडथळा कमी आणि पल्ला जास्त. उन्हाळ्यात हवा तापून आणखी विरळ होते. पिसांच्या फुलांच्या नळीवर वेगाचा आकडा असतो : ७५ सर्वांत संथ, ७९ सर्वांत वेगवान. काही कंपन्या १ ते ५ लिहितात, तिथेही १ म्हणजे संथ. आमच्या मते पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ७७ चालतं, एप्रिल-मेमध्ये ७६ घ्यावं. दुकानदार 'सगळीकडे हेच चालतं' म्हणाला तर नळी फोडून एक फूल मारून बघा.

ते कसं बघायचं, हे नियमातच आहे. मागच्या रेषेवर उभं राहून, खालून वर, पूर्ण ताकदीने, बाजूच्या रेषेला समांतर मारायचं. फूल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. टेप काढायची गरज नाही. दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेषा शेवटच्या रेषेपासून ७६ सेंटिमीटर आत असते. तिच्या अलीकडे-पलीकडे एक वीत, एवढ्यात पडलं की वेग बरोबर.

फेब्रुवारीपासून पुण्याची हवा कोरडी होते आणि पहिल्याच स्मॅशला पिसं कडाकडा मोडतात. आदल्या रात्री नळीची झाकणं काढून, पिसांची बाजू खाली धरून, किटलीच्या वाफेवर १०-१५ सेकंद धरा. मग झाकणं लावून रात्रभर ठेवा. जास्त वाफ दिलीत तर फूल जड होतं आणि डिंकही सुटतो. पावसाळ्यात हा उपद्व्याप करू नका, पिसं आधीच ओलावा धरून असतात.

धावण्याचे बूट घालून गेलो तर दारातूनच परत पाठवलं. बूट स्वच्छ होते. (शुक्रवार पेठ)

स्वच्छतेचा प्रश्न निम्माच आहे. गडद तळव्याच्या काही बुटांचं रबर फरशीवर काळे ओरखडे सोडतं, ते पुसताना पॉलिश जातं. घरी पांढऱ्या कागदावर तळवा जोरात घासा. रेघ उठली तर तो बूट हॉलचा नाही. तळवा साधारण तपकिरी, गम रबराचा, नॉन-मार्किंग म्हणजे ओरखडे न उठवणारा असावा.

दुसरं कारण तुमच्या घोट्याचं. धावण्याच्या बुटाची टाच जाड फोमची आणि उंच, सरळ पळायला केलेली. बॅडमिंटनमध्ये आपण बाजूला झेपावतो, तेव्हा हा बूट कलंडतो आणि पाय मुरगळतो. हॉलचे बूट पिशवीतून न्या आणि आत गेल्यावरच घाला. तुळशीबागेतून चालत आलेल्या तळव्याला एक खडा अडकला तरी लाकडावर चर पडते. जुलैमध्ये तर बूट बदलल्यावर तळवा कोरड्या फडक्याने पुसाच.

हडपसरहून दुचाकीने येतो. दोनदा गाडी उचलून नेली. (हडपसर)

पेठेत गाडी लावण्याआधी पाटी वाचायची. पी-१, पी-२ लिहिलेल्या रस्त्यांवर एका बाजूला विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूला सम तारखेला लावायची मुभा असते. बहुतेक लोक फसतात ते महिना पालटताना : ३१ आणि १ दोन्ही विषम, म्हणजे बाजू बदलत नाही. मंडईजवळ खेळत असाल तर मिनर्व्हा किंवा आर्यन वाहनतळावर गाडी लावून चालत जा. दोन्ही नावं जुन्या चित्रपटगृहांची, पत्ता विचारलात तर कोणीही सांगेल. त्याहून सोपं म्हणजे स्वारगेटपर्यंत बस आणि तिथून मेट्रोने मंडई, एकच स्टेशन. गणपतीच्या दहा दिवसांत संध्याकाळची वेळ घेऊच नका. रस्ते बंद असतात आणि ढोलाच्या आवाजात जोडीदाराची हाक ऐकू येत नाही.

मुलगी सात वर्षांची आहे. कोणती रॅकेट घ्यावी? (सहकारनगर)

मोठ्यांची रॅकेट ६८० मिलिमीटरपर्यंत लांब असते, ती मुलीला मनगटातून वळवता येणार नाही. २१ किंवा २३ इंचाची घ्या, हलकी. महागडं गटिंग, म्हणजे तारांची विण, नको. तिला आत्ता मोठा 'स्वीट स्पॉट' हवा, म्हणजे जिथे फूल लागलं की फटका नीट बसतो तो तारांचा मधला भाग, आणि तार जितकी ताणाल तितका तो आक्रसतो.

पुण्यातच बॅडमिंटनचा जन्म झाला, हे खरं का? (एरंडवणे)

अर्धं खरं. फूल आणि रॅकेटचे खेळ त्याआधीही होते. पण इथल्या छावणीतले ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत, आणि १८७३ च्या सुमारास त्याचे नियम पुण्यात लिहिले गेले असं मानलं जातं. खेळाला 'पूना' म्हणतही असत. 'बॅडमिंटन' हे नाव इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या बॅडमिंटन हाऊसवरून आलं. तेव्हा जन्मदाखला कोणाकडे, हा वाद चहाबरोबर घाला.

बालेवाडीला कबड्डी बघायला जायचंय. तिकीट कुठल्या बाजूचं काढावं? (भवानी पेठ)

बाजूच्या रेषेकडचं, पाच-सहा रांगा वरचं. शेवटच्या रेषेमागे बसलात तर आडव्या रेषा एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात आणि चढाईतली खरी गंमत हातची जाते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. मधल्या रेषेपासून ३.७५ मीटरवर बॉक लाइन, म्हणजे चढाईत ओलांडावी लागणारी रेषा, आणि तिच्यापुढे १ मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा. चढाईपटू ३० सेकंदांत बॉक लाइन ओलांडतो की नाही, आणि समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनसपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवतो की नाही, हे बाजूनेच दिसतं. अगदी पहिली रांग घेऊ नका, समोर पंच उभे असतात. पिशवी शक्यतो नेऊ नका. पाण्याची बाटली आणि छत्री बहुधा दारातच ठेवायला लावतात, आणि परतताना त्या ढिगातून आपली काळी छत्री शोधायला सामन्याच्या उत्तरार्धाइतका वेळ लागतो.