बीएफडीची तारीख ऐनवेळी पुढे गेली तर तिकिटाचं काय करायचं

तुझा मेसेज नीट वाचला. म्हणजे मुलुंडला घरी बॅगा भरून झाल्यात, जर्मनीचा डी, म्हणजे जास्त काळ राहायचा, व्हिसा पासपोर्टवर लागलाय, १ सप्टेंबरला तिथल्या वृद्धाश्रमात बीएफडी, म्हणजे जर्मनीतली सरकारी स्वयंसेवा, सुरू होणार म्हणून २७ ऑगस्टचं तिकीट काढलंय, आणि आता तिकडून फोन आला की तुझी रूम रिकामी झालेली नाही, १ ऑक्टोबरला ये. आई म्हणते गणपती करून जा, तुझं म्हणणं ठरल्या तारखेलाच जाते आणि महिनाभर मैत्रिणीकडे राहते. मी परळची, बीएफडीवरच इथे जर्मनीत आले आणि मग नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे प्रशिक्षण, करून इथेच नोकरीला लागले, त्यामुळे हे प्रकार बरेच बघितलेत. माझं मत, आईचं ऐक. पण तिकिटाला आज हात लावू नको.

कारण तुझ्याकडे आत्ता फक्त फोन आलाय. बीएफडीचा करार म्हणजे फेराइनबारुंग हा काही फक्त तू आणि तो वृद्धाश्रम यांच्यातला नसतो, त्यावर बाफ्झा नावाच्या सरकारी ऑफिसचीही मंजुरी असते, म्हणून तारीख बदलली की ती कागदावर बदलून आलीच पाहिजे. वृद्धाश्रमातल्या बाई कितीही प्रेमाने बोलल्या तरी त्यांना आजच मेल टाक की नवीन तारखेची फेराइनबारुंग किंवा बदलाचं पत्र पाठवा, आणि मेल तुझ्या ट्रेगरला, म्हणजे जी संस्था तुझं सगळं बघते तिला, सीसीत ठेव. ते आलं की मग तिकीट. मधल्या मध्ये फोनवर तारीख परत १५ सप्टेंबर झाली असंही होतं, आणि मग दोनदा चेंज फी भरत बसायची, ती कोणी परत देत नाही.

आता आधी जाऊन राहायचं का. व्हिसावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असतात त्या बघ, पहिली तारीख उलटून गेली असेल तर आत यायला तुला कोणी अडवणार नाही, पण प्रश्न तो नाहीये. तुझं जर्मन हेल्थ इन्शुरन्स सुरू होतं ते बीएफडीच्या पहिल्या दिवसापासून, त्याचा हप्ता वृद्धाश्रम भरतो. तू महिनाभर आधी आलीस तर तेवढे दिवस क्रांकेनकासेच्या, म्हणजे हेल्थ इन्शुरन्सवाल्यांच्या, दृष्टीने तू कोणीच नाहीस, आणि इथे एक रात्र हॉस्पिटलात काढली तर बिल बघून घरच्यांची झोप उडेल. शिवाय पॉकेटमनी नाही, जेवण नाही, आणि मैत्रिणीचा घरमालक राहत असल्याचं पत्र देईलच असं नाही, ते नसलं की आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, होत नाही, आनमेल्डुंग नसली की बँक वगैरे पुढचं सगळं अडतं. तरीही यायचंच असेल तर मुंबईहून घेतलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या तारखा ३० सप्टेंबरपर्यंत वाढवून घे. तिकीट पुढे ढकललंस तरी त्या तारखा बदलायच्या आहेतच, हे हमखास विसरतं.

व्हिसाचं आणखी एक. तुझा व्हिसा वर्षभराचा आहे की थोड्याच महिन्यांचा हे तू लिहिलं नाहीयेस. थोड्या महिन्यांचा असेल तर हा एक महिना तुझ्या खात्यातून गेला असं समज आणि इथे आल्या आल्या आउसलेंडरबेहोर्डेकडे, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी ऑफिसकडे, पुढे राहायच्या परमिटचा अर्ज कर, व्हिसा संपायच्या आत, अपॉइंटमेंट मिळत नसेल तर ऑनलाइन किंवा मेलने तरी, आणि पोच सांभाळून ठेव. नरिमन पॉइंटच्या कॉन्सुलेटलाही नवीन पत्र जोडून मेल कर की तारीख बदलली आहे, व्हिसात काही बदलावं लागेल का. आणि ते पत्र प्रिंट काढून हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनच्या बॅगेत नाही, कारण फ्रँकफर्टला पासपोर्टच्या खिडकीवर कशाला आलात विचारतात तेव्हा १ सप्टेंबरचा जुना कागद दाखवून चालणार नाही.

तिकीट एजंटकडून घेतलंय म्हणालीस, मग बदलही त्याच्याकडूनच होणार, एअरलाइनला फोन केला तर ते त्याच्याकडेच पाठवतील. फी किती आणि भाड्यातला फरक किती हे वेगवेगळं लिहून माग. आणि काहीही झालं तरी २७ तारखेचं विमान उडायच्या आधी बदल झालाच पाहिजे, नुसतं गेली नाहीस तर नो-शो लागतो आणि रिटर्न असेल तर तोही रद्द होतो.

एअरलाइननेच फ्लाइट रद्द केली तर गोष्ट वेगळी. मुंबईहून युरोपियन एअरलाइनने निघालीस तर विमानप्रवाशांच्या हक्कांचा युरोपचा २६१ नंबरचा नियम लागू होतो, आखाती किंवा भारतीय एअरलाइनने निघालीस तर नाही. जर्मनीहून परत येताना मात्र एअरलाइन कुठलीही असो, लागू. एवढ्या अंतराला भरपाई ६०० युरो आहे, पण १४ दिवस आधी कळवलं असेल किंवा कारण त्यांच्या हाताबाहेरचं असेल तर भरपाई मिळत नाही. जून २०२५ मध्ये कतारने एअरस्पेस बंद केला होता, तसलं काही झालं तर ते हाताबाहेरचंच धरतात, तरी दुसऱ्या फ्लाइटने पोचवणं किंवा पैसे परत हे त्यांना द्यावंच लागतं. माझ्या बॅचच्या एका मुलीने अशा वेळी घाबरून लगेच रिफंडवर क्लिक केलं, मग नवीन तिकीट कितीतरी महाग पडलं. तू दुसरी फ्लाइटच माग, व्हिएन्ना किंवा पॅरिसवरून दिली तरी डी व्हिसावर चालतं.

डॉइचलांडटिकट, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल गाड्या-बसचा पास, आत्ताच काढून ठेवू नको, ते दर महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं.

राहिलं डिसेंबरमधलं मामेभावाचं लग्न. तोपर्यंत तुझा परमिटचा अर्ज अडकलेला असू शकतो आणि हातात परमिटच्या कार्डाऐवजी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा, निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, घडीचा कागद असेल. तो उघडून आतले चौकोन बघायचे, टिक कुठल्या चौकोनात आहे त्यावर सगळं आहे. जर्मनीच्या परदेशी लोकांच्या वास्तव्याच्या कायद्यातल्या कलम ८१ परिच्छेद ४ वर असेल तर भारतात जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ वर असेल तर बाहेर पडलीस की त्या कागदावर परत आत येता येत नाही. व्हिसा चालू असताना अर्ज केलेल्यांना ४ च मिळायला पाहिजे, तरी कागद हातात घेतल्यावर तिथल्या तिथे बघ, चुकीचा टिक तिथेच दुरुस्त करून घेणं सोपं, मुंबई विमानतळावर टी-टू च्या काउंटरवर पहाटे तीन वाजता नाही. आणि सुट्टीचं, वर्षाला २५ दिवस सेमिनारचे असतात, ते ड्युटीतच धरतात, हजेरी सक्तीची, त्यात रजा टाकता येत नाही. तारीख सप्टेंबरची ऑक्टोबर झाली की तुझा सेमिनारचा ग्रुपही बदलणार, म्हणून नव्या फेराइनबारुंगबरोबर सेमिनारच्या तारखाही मागून घे, त्या आल्याशिवाय मामाला लग्नाचं हो म्हणू नकोस.