विंडोज ७ वरचा जुना संगणक अपडेट ठेवून सुरळीत कसा चालवायचा?

नवा संगणक घ्या, असं तुम्हाला दहा जण सांगतील. मी सांगणार नाही. तुम्ही स्वच्छ लिहिलंय की मशीन विंडोज ७ चं आहे, रॅम ४ जीबी आहे, अपडेट शोधायला लावलं की ८००७२ईएफई हा एरर येतो, सगळं रडतखडत चालतं, आणि दुकानाचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यातच असल्यामुळे ते मोडीत काढायचं नाही. यातली शेवटची गोष्ट लोकांच्या कानात शिरतच नाही. माझंही तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कराडला डीटीपी करते, म्हणजे छपाईची पानं संगणकावर जुळवते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, उत्तरकार्याची कार्डं, आणि पावसाळा आला की पतसंस्था-सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. सगळं काम पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडच्या (आता मोबाइलवर चालतं त्या मराठीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर ज्यांनी वर्षानुवर्षं बोटं चालवली त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी एवढंच की पेजमेकर ७ आलं २००१ साली, अडोबीने ते पुढे वाढवलं नाही, आणि त्यांचंच नवं इनडिझाइनसुद्धा पेजमेकरच्या फाइली सीएस६ या आवृत्तीपर्यंतच उघडतं. त्यापुढच्या आवृत्त्यांत ती सोय काढून टाकली. म्हणजे माझी फाइल उघडायला जुनं सॉफ्टवेअर लागतं, त्याला जुना फॉन्ट लागतो, त्यात टाइप करायला हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअर अस्सल असल्याची खूण म्हणून पोर्टला लावायचा ठोकळा) लागतो, लॉकला जुना ड्रायव्हर लागतो आणि त्या ड्रायव्हरला ३२ बिटचं विंडोज. यातला एक दुवा तुटला की गेल्या वर्षीच्या अहवालावर काम करता येत नाही. आणि अहवालाचं काम म्हणजे गेल्या वर्षीची फाइल उघडून आकडे बदलणं. ताळेबंदाचे आणि नफा-तोटा पत्रकाचे सगळे तक्ते दरवर्षी नव्याने कोण बसवणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?

२०२२ च्या गौरी-गणपतीला माझे धाकटे दीर पुण्याहून आले. हिंजवडीत चांगल्या हुद्द्यावर आहेत, माणूस मनाने लाख, वहिनीचं काम हलकं व्हावं एवढीच इच्छा. दुकान घराच्या खालीच आहे. मशीन चालू व्हायला लागणारा वेळ बघून ते म्हणाले, "वहिनी, विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला. यावर काम करणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं." मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं खरं आहे, पण अहवालांची गर्दी संपू द्या. संस्थांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, त्याची नोटीस चौदा दिवस आधी जाते. आत्ता याला हात लावू नका." ते हो म्हणाले. गौरी जेवणाच्या दिवशी मी वरती पुरणात अडकलेली, तेवढ्यात भाऊजींनी ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज १०, ६४ बिट टाकून घेतलं. संध्याकाळी मला खाली बोलावून दाखवलं. चालू व्हायला खरंच कमी वेळ लागत होता.

मी लॉक लावला. उजव्या कोपऱ्यात पाटी आली की हे डिव्हाइस ओळखता येत नाही. ए३ लेझर प्रिंटर, ज्यावर मी छपाईच्या प्लेटसाठी बटरपेपरवर प्रिंट काढते, त्याचा ६४ बिटचा ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नाही. पेजमेकर कसंबसं उघडलं, त्यात अर्धा झालेला एका पतसंस्थेचा अहवाल उघडला, तर 'अध्यक्षांचे मनोगत' असायला हवं तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणांची ओळ. भाऊजी म्हणाले, "फॉन्ट टाकला की दिसेल." फॉन्ट टाकला, मजकूर दिसलाही. पण दिसून काय करायचं? लॉकशिवाय त्यात एक अक्षर वाढवता येत नव्हतं.

डी ड्राइव्ह शाबूत होता आणि कामाच्या फाइलींची प्रत मी नेहमीच बाहेरच्या डिस्कवर ठेवते, त्यामुळे धीर सुटला नाही. कॅबिनेटवर लायसन्सचं स्टिकर आणि ड्रॉवरमध्ये विंडोज ७ ची ओरिजिनल डीव्हीडी, सर्व्हिस पॅक १ सकट. रात्री आरती झाल्यावर मी स्वतः पुन्हा ३२ बिटचं विंडोज ७ टाकलं, प्रिंटर आणि लॉक चालू केला. मग अपडेट शोधायला लावलं आणि नेमका तुमचाच ८००७२ईएफई समोर आला. भाऊजी शेजारीच बसले होते. "बघा वहिनी, मायक्रोसॉफ्टनेच दरवाजे बंद केलेत."

तसं नसतं. इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, नीट वाचा. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक अपडेटवर डिजिटल सही करतं. पूर्वी ती शा-१ पद्धतीची असायची. ती पद्धत कच्ची ठरल्यामुळे २०१९ मध्ये विंडोज ७ साठी शा-२ सक्तीची झाली आणि २०२० मध्ये शा-१ वर चालणारी जुनी अपडेट सेवा बंद केली. डीव्हीडीवरून ताजं टाकलेलं विंडोज ७ शा-२ ओळखत नाही, म्हणून त्याचं सर्व्हरशी बोलणंच होत नाही. त्याला आधी ती ओळख हाताने करून द्यावी लागते.

दुसऱ्या कुठल्याही चालू संगणकावर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग उघडा आणि केबी४४९०६२८, केबी४४७४४१९ आणि केबी३१३८६१२ या क्रमांकांचे तीन अपडेट उतरवून घ्या. तुमचं विंडोज ३२ बिट असेल तर एक्स८६ वाली फाइल, ६४ बिट असेल तर एक्स६४ वाली. पेन ड्राइव्हवरून आणा. मशीनची नेटची वायर काढा आणि सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' ही सर्व्हिस थांबवा. हे केलं नाही तर फाइल चालवल्यावर नुसतं 'अपडेट शोधत आहे' असं दाखवत तासन्‌तास बसते, आणि लोकांना वाटतं फाइलच खराब आहे. याच क्रमाने एकेक टाका, प्रत्येकीनंतर रीस्टार्ट. मग वायर लावा आणि शोधायला लावा. तरीही शोध संपतच नसेल आणि टास्क मॅनेजरमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजचाच प्रोग्रॅम सगळा प्रोसेसर खात बसलेला दिसला, तर केबी३०२०३६९ आणि त्यामागोमाग केबी३१७२६०५ टाका. सर्व्हिस पॅक १ नसेल तर त्याच्याआधी यातलं काहीच चालणार नाही. माझ्याकडे रात्री लावलेलं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं, आणि जानेवारी २०२० पर्यंतचे सगळे अपडेट बसले. अहवाल नोटिशीच्या आत छापून गेला.

हे शेवटपर्यंतचे अपडेट टाकायचेच. "जुनं मशीन, त्याला कोण हात लावतंय" म्हणणाऱ्यांनी २०१७ आठवावं. मे महिन्यात वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. त्याला बळी पडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती, आणि त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी टाकला ते वाचले. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्यानेही तीच फट वापरली होती.

पण २०२० नंतर काय? पैसे भरणाऱ्या कंपन्या-संस्थांना जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळाले, मग तेही थांबले. त्यापुढे सापडलेल्या भोकांना विंडोज ७ वर मायक्रोसॉफ्टकडून ठिगळ नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की सगळे अपडेट बसले, सगळं नीट चालतंय अशी खात्री झाली, की त्या मशीनची नेटची वायर काढायची ती कायमची. विंडोज ७ नेटवर 'सुरक्षित' ठेवायचे उपाय सांगणाऱ्यांचं ऐकू नका. क्रोमची विंडोज ७ वरची शेवटची आवृत्ती १०९. फायरफॉक्सच्या ११५ ईएसआर या जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीला त्यानंतरही बराच काळ सुरक्षा सुधारणा मिळत राहिल्या, पण नुसता ब्राउझर जागा असून भागत नाही.

आमच्याकडे नेटसाठी दुसरं मशीन आहे, तेही जुनंच, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी त्यात लागतो. डीटीपीच्या दुकानात रोज कुणाचा ना कुणाचा पेन ड्राइव्ह येतो, आणि सगळे फोल्डर शॉर्टकट करून टाकणारा तो व्हायरस अजूनही फिरतोय. लिनक्सवर तो निपचित पडून राहतो. मजकूर तिथे काढून घ्यायचा, आपल्या स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यायचा आणि मगच कामाच्या मशीनवर न्यायचा. व्हॉट्सॅपवर आलेला युनिकोड मजकूरही तिथेच जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करते. कन्व्हर्टर कितीही चांगला असो, 'दुसऱ्या', 'तऱ्हा' असल्या शब्दांतला अर्धा र तो हमखास मोडतो. तो र मी हाताने बसवते. प्रूफ बघताना तेवढं शोधून काढा, नाहीतर छापून आल्यावर दिसतं.

आता मंदपणा. यावर फार बोलायचं नाही, कारण उपाय एकच आहे, हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावा. क्लीनर, बूस्टर असलं काहीही टाकू नका, ती बहुतेक वेळा स्वतःच मशीन जड करतात. ३२ बिट असेल तर रॅमवरही पैसे घालू नका, ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही. मात्र एक खड्डा आहे. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्क आयडीई या जुन्या मोडवर असेल आणि तुम्ही सरळ एएचसीआय हा नवा मोड केलात, तर विंडोज निळा पडदा दाखवून बंद पडेल. आधी रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय' या सर्व्हिसची 'स्टार्ट' किंमत शून्य करा, मग बायोस बदला. प्रोसेसरच्या पंख्यातली धूळ काढा, प्रोसेसर थंड ठेवणारी त्यावरची पेस्ट सुकलेली असेल तर बदला.

आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलला नसेल तर तोही बदला. लाईट जाऊन आली की तारीख मागे गेलेली दिसते का, बघा. तारीख चुकली की प्रत्येक साइट 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते, अपडेटही अडतात, आणि दुरुस्तीवाला व्हायरस आहे सांगून फॉरमॅट मारून जातो. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्यांच्या मशीनवर मी ते करून दिलं, तेव्हा त्यांच्यासमोर फॉरमॅटचं बिल आधीच ठेवलेलं होतं.

भाऊजींशी आमचा वाद अजून चालू आहे. दर गणपतीला ते विचारतात, "अजून तेच?" आणि मी म्हणते, "तेच." त्यांच्या क्षेत्रात जुनी प्रणाली बदलायला वेगळी माणसं असतात, मुदत असते, बजेट असतं, आणि बदलण्याआधी जुनं आणि नवं काही दिवस शेजारी शेजारी चालवतात. हे त्यांनीच मला सांगितलंय. मग वहिनीच्या दुकानाला तेवढाच मान का नाही? ऐन अहवालाच्या हंगामात, न विचारता, एका दुपारीत सगळं बदलायचं, हे त्यांनी त्यांच्या कंपनीत कुणाला करू दिलं असतं का? त्यांनी शांतपणे एकदा याचं उत्तर द्यावं. मी त्यांच्याशी भांडत नाही, पण हे मशीन माझ्या हाताखालचं आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

त्यांची एक गोष्ट मात्र मला पूर्ण पटते. हे मशीन कधीतरी हार्डवेअरनेच मरणार. त्यासाठी दोन तयाऱ्या ठेवा. एक, सगळं नीट बसल्यावर क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून दोन ठिकाणी ठेवा. मी नवीन एसएसडीवर ती इमेज उतरवून मशीन चालू होतं का, तेही करून पाहिलं, कारण न तपासलेल्या बॅकअपवर माझा भरवसा नाही. दोन, नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तेच ३२ बिटचं विंडोज ७ बसवून बघा. लॉक यूएसबीचा असेल तर तो आतल्या विंडोजला जोडता येतो. हे जमलं तर जुन्या मशीनची निकड बरीच कमी होते, आणि नवा संगणक घेणं तेव्हा शहाणपणाचं ठरेल.

आधीच सांगायला हवं होतं ते आता सांगते. जीएसटी, बँक, यूपीआय, ईमेल यातलं काहीही त्या विंडोज ७ वरून करू नका, अगदी एकदासुद्धा. आणि तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर दोन-तीन मशीनवर शेअरिंगने चालत असेल तर मी सांगितलेलं वायर काढणं तुम्हाला जसंच्या तसं जमणार नाही. मग ती मशीनं आपापसात जोडलेली ठेवा आणि नेटचा राउटर त्यांच्यापासून पूर्ण वेगळा करा. एसएमबी १ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) बंद करायचं असेल तर आधी जुना स्कॅनर आणि प्रिंटर त्यावर चालतात का ते तपासा.

तुमच्या सॉफ्टवेअरला लॉक आहे का, आणि असेल तर यूएसबीचा की मागच्या रुंद पॅरलल पोर्टचा, ते लिहा. पॅरलल असेल तर व्हर्च्युअलबॉक्सवर वेळ घालवण्याआधी त्याच जातीचा एक चालू मदरबोर्ड जुन्या बाजारात बघून ठेवा.