पोस्टग्रेस 12 वरून 16 वर जाताना जुना डेटा फोल्डर नव्या मशीनवर तसाच नेला तर चालेल का?

नेऊ नका. जुना सर्व्हर सेंटओएस 7 वर, नवा रॉकी लिनक्स 9 वर, डेटा 400 जीबी आणि बंद ठेवायला फक्त दोन तास, असं तुम्ही लिहिलंय. पीजी-अपग्रेड हे जुना डेटा फोल्डर नव्या आवृत्तीचा करणारं टूल लिंक मोडमध्ये, म्हणजे फायली कॉपी न करता, काही मिनिटांत उरकतं, त्यामुळे मोह होणारच. पण तुम्ही एका दमात दोन गोष्टी बदलताय: पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि त्याच्याखालची ऑपरेटिंग सिस्टीम. खरा घोळ दुसरीमुळे होतो.

मजकुराचा क्रम लावायला पोस्टग्रेस सहसा सिस्टीमच्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) विसंबतं, आणि 2018 च्या जीलिबसी 2.28 मध्ये ते नियमच बदलले. सेंटओएस 7 वर 2.17 आहे, रॉकी 9 वर 2.34. दोन्हीकडे इंग्रजी-यूएस लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) ठेवून '1-1' आणि '11' या दोन ओळी सॉर्ट करून बघा. जुन्यावर 11 आधी येईल, नव्यावर 1-1. फोल्डरबरोबर आलेला इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) मात्र जुन्या क्रमाने रचलेला! मग टेबलात असलेली नोंद क्वेरीला सापडत नाही आणि युनिक कॉलममध्ये डुप्लिकेट बिनबोभाट शिरतं. लॉगमध्ये एररही दिसेलच असं नाही. डेटाबेसचं कोलेशन (क्रम लावायचे नियम) 'सी' असेल तर हा प्रश्न येत नाही, ते आधी तपासा.

तुमच्या जागी मी लॉजिकल रेप्लिकेशन लावेन, म्हणजे फायली न नेता नोंदींमधले बदल जुन्याकडून नव्याकडे सतत पाठवेन. त्यात नव्या मशीनवर इंडेक्स नव्यानेच बनतात, म्हणजे वरचं झेंगटच मिटलं. जुन्यावर वॉल-लेव्हल (वॉल म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) 'लॉजिकल' करा (एकदा रीस्टार्ट लागेल), नव्या आवृत्तीच्या पीजी-डंप या बॅकअप टूलने नुसता स्कीमा (टेबलांची रचना) नेऊन तिकडे चढवा, यूजर आणि रोल वेगळे न्या, मग जुन्यावर पब्लिकेशन (पाठवणारी बाजू) आणि नव्यावर सबस्क्रिप्शन (घेणारी बाजू) बनवा. 400 जीबी चालू कामातच सरकत राहतील. प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा कॉलम) नसलेली टेबलं आधी शोधा, नाहीतर त्यांच्यावरचे अपडेट, डिलीट जुन्या सर्व्हरवरच अडकतील. सबस्क्रिप्शन रखडलं तर जुन्या मशीनवर वॉल फायली साचून डिस्क भरते, तिकडेही डोळा ठेवा. आणि या काळात कुणालाही टेबलाची रचना बदलू देऊ नका, ते बदल पलीकडे जात नाहीत.

सीक्वेन्सचे (नव्या नोंदींना आपोआप क्रमांक देणारे काउंटर) आकडेही जात नाहीत. ॲप नव्याकडे वळवण्याआधी जुन्यावरचं लिहिणं थांबवा, राहिलेला डेटा पोचू द्या आणि प्रत्येक सीक्वेन्सला सेटव्हॅल या फंक्शनने पुढचा आकडा द्या. हे राहिलं की पहिल्याच इन्सर्टला 'डुप्लिकेट की' चा एरर येतो आणि सगळे नव्या आवृत्तीला शिव्या घालतात.

एवढा खटाटोप करताच आहात तर 16 ऐवजी 17 का नाही? 16 ला सपोर्ट नोव्हेंबर 2028 पर्यंत, 17 ला 2029 पर्यंत. 12 चा तर नोव्हेंबर 2024 मध्येच संपला.

ॲप वळवण्याआधी पूर्ण डेटाबेसवर ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवा, नाहीतर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर अंदाजपंचे चालतो आणि मिलिसेकंदांत येणाऱ्या क्वेरी रेंगाळतात.