पेट्रोनास टॉवर्स या जुळ्या मनोऱ्यांचा आकार ताऱ्यासारखा का आहे आणि मधला पूल कशासाठी?

आकाराचं मूळ इस्लामी नक्षीत आहे. वास्तुविशारद सेझार पेली यांनी दोन चौरस एकमेकांवर तिरके ठेवले, की आठ टोकांचा तारा होतो. पण ताऱ्याच्या खाचांमुळे वापरायची जागा कमी पडते, म्हणून प्रत्येक खाचेत गोलाई भरली. मजल्याचा नकाशा पाहिलात तर टोक, गोलाई, पुन्हा टोक अशी कड लगेच दिसेल.

मलेशियातल्या क्वालालंपूरची ही जागा पूर्वी घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होती. खाली झिजलेला चुनखडीचा खडक निघाला, तेव्हा मनोऱ्यांची जागा सुमारे ६० मीटर सरकवावी लागली. पोलाद आयात करणं महाग, त्यामुळे मुख्य सांगाडा जास्त ताकदीच्या काँक्रीटचा केला.

मला विचाराल तर खरी कमाल पुलाची आहे. ४१ आणि ४२व्या मजल्यांवरचा हा दुमजली पूल मनोऱ्यांना घट्ट जखडलेला नाही. वाऱ्यात दोन्ही मनोरे आपापल्या तालाने डोलतात, त्यामुळे पुलाची टोकं सरकती ठेवली आहेत. नाहीतर तो तुटेल. खालून तिरके पाय त्याला मधोमध पेलतात. रोजच्या ये-जा करण्याबरोबरच, एका मनोऱ्यात आग लागली तर दुसऱ्यात जायची वाट म्हणूनही त्याचा उपयोग.

८८ मजली, ४५२ मीटर उंचीचे हे मनोरे १९९८ मध्ये जगात सर्वांत उंच ठरले. शिकागोच्या सिअर्स टॉवरचा (आताचा विलिस टॉवर) वरचा मजला याहून उंचावर आहे, पण पेट्रोनासचे कळस उंचीत धरले जातात. २००४ मध्ये तैवानच्या तैपेई १०१ या इमारतीने त्यांना मागे टाकलं.