पहिलं ऑर्किड घेतलंस? मग हे वाच
भावा, डेंड्रोबियम घेतलंस ते बेस्ट, पण मातीत लावू नकोस. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं एवढं बास, मुळांना वारं पायजे. खताचं म्हणशील तर मी गांडूळखताचं पाणी कापडातनं गाळतो, एका वाटीला वीस वाट्या साधं पाणी, आठवड्यातनं एकदा सकाळी फवारतो, पहिल्या वर्षी घट्टच मारलं आणि मुळं काळी पडली लगा. मूळ पांढरट दिसलं की पाणी दे, हिरवं असलं की थांब. आपल्या जुलैच्या पावसात कुंडी पत्र्याखालीच. राधानगरीच्या जंगलातली सीतेची वेणी, म्हणजे झाडावरचं रानटी ऑर्किड, मात्र बघूनच यायची, तोडायची नाही. फोटो कवळ्या उन्हात काढ, मागं काळी शाल, फ्लॅश बंद, फोकस मधल्या पाकळीवर, आणि त्याआधी फवाऱ्याचे डाग पुस, मोबाईलात लई दिसतात.