लॉगबुकवरची सही

प्रश्न : मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात सहयोगी प्राध्यापक आहे. यंदा विभागप्रमुखांनी यूजी-पीजी, म्हणजे एमबीबीएस आणि एमडीच्या विद्यार्थ्यांच्या, शिक्षणाची सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. प्रत्यक्षात वेळापत्रक लावणं, हजेरी जुळवणं आणि लॉगबुकं (शिकलेल्या कामांच्या नोंदवह्या) भरून घेणं, एवढंच होतंय. ओपीडी, राउंड, इमर्जन्सी सांभाळून हे कारकुनी काम मी कशासाठी करायचं?

उत्तर : डॉक्टर, हे काम मी अकरा वर्षं केलं आणि पहिली दोन वर्षं तुमच्यासारखंच केलं. महिनाअखेरीला लॉगबुकांचा गठ्ठा टेबलावर यायचा, मी सह्या करत जायचे. तिसऱ्या वर्षी एका दुपारी वॉर्डात पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटशेजारी (एमडी करणाऱ्या डॉक्टरशेजारी) सहज थांबले. नऊ महिन्यांचं, आठ किलोचं बाळ. जुलाबांनी डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. त्या रेसिडेंट मुलीने सलाइनचा हिशेब बरोबर केला : किलोला 100 मिली, म्हणजे 800. त्यातले पहिले 240 मिली तिने अर्ध्या तासात द्यायला लिहिले. अर्धा तास हा वर्षावरच्या मुलांचा नियम. वर्षाच्या आतल्या बाळाला तेच सलाइन एका तासात द्यायचं आणि उरलेलं 560 पुढच्या पाच तासांत. मी तिथेच थांबवलं, बाळ सुखरूप घरी गेलं. पण तिच्या लॉगबुकात ‘तीव्र निर्जलीकरण : उपचार’ या ओळीवर आदल्याच आठवड्यात माझी सही झाली होती. न पाहता केलेली. ती सही मला आजही टोचते.

तुमचं काम तिथे आहे, त्या खाटेपाशी. 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. सलाइन लावून थेंबांचा वेग काढणं, नवजात बाळाला श्वास देणं, अशा गोष्टी विद्यार्थ्याला येतात हे प्रमाणित करायचं, ही त्यातली अपेक्षा आहे. प्रमाणित करायचं म्हणजे आधी पाहायला हवं. मास्क हनुवटीवर नीट बसलाय का, डोळ्यांवर तर आला नाही ना, मान जास्त मागे गेली का, पिशवी दाबल्यावर छाती उचलतेय का, हे बाहुलीवर करतानासुद्धा शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तोंडी परीक्षेत ‘मिनिटाला 40 ते 60 श्वास’ सगळेच सांगतात.

पीजींच्या बाबतीत तर हे फारच निकडीचं आहे. जिल्हा रेसिडेन्सीसाठी ते तीन महिने जिल्हा रुग्णालयात जातात. तिथे रात्री दोन वाजता आपण शेजारी नसतो.

वेळेचं म्हणाल, तर तो मागून घ्या. अमेरिकेत रेसिडेन्सी चालवणाऱ्या प्रमुखाला त्या कामासाठी राखीव वेळ द्यावा लागतो, मान्यता देणाऱ्या संस्थेचा तसा नियमच आहे. बालरोग विभागांत शिक्षणासाठी वेगळे उपप्रमुखही असतात. आपल्याकडे जबाबदारी मिळते, तास मिळत नाहीत. म्हणून विभागप्रमुखांकडून आठवड्यातली एक सकाळ ओपीडीविना लेखी घ्या. तोंडी घेतलेली सकाळ पहिल्याच डेंग्यूच्या लाटेत जाते, हा माझा अनुभव. हजेरी आणि वेळापत्रक सीनियर रेसिडेंट आणि कार्यालयातल्या माणसाकडे द्या. त्याला तुमची पदवी लागत नाही.

त्या सकाळी विद्यार्थी आणि रेसिडेंट रोज काम करतात तसंच त्यांना करू द्या. पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच जण, एकच बाळ. मध्ये बोलू नका, बाळाला धोका दिसला तरच बोला. झालं की बाजूला घेऊन काय चांगलं जमलं ते आणि काय बदलायचं ते सांगा, पण आईसमोर नको. आईसमोर बोलणी खाल्लेला ज्युनिअर रेसिडेंट पुढच्या वेळी शंका विचारत नाही, आणि बालरोग विभागात न विचारलेली शंका फार महाग पडते. मृत्यू-आढावा बैठकही त्यासाठीच तुम्ही चालवा. तिथे ज्युनिअरला आरोपीसारखं उभं करू देऊ नका.

सुरुवात जिल्हा रेसिडेन्सीला निघालेल्या पीजींपासून करा. ते जाण्याआधी प्रत्येकाला एकदा तरी सलाइनचा हिशेब करताना आणि बाळाला मास्कने श्वास देताना स्वतः पाहा. मग लॉगबुक उघडा.