नाव तिचंच राहू द्या

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी दीड वर्षाची असताना तिची आई तापाने गेली. आंतरजातीय लग्नाचा राग धरलेल्या नातेवाइकांच्या धमक्या थांबेनात, म्हणून तुम्ही लेकीला घेऊन मुरबाडच्या वरच्या डोंगरात जाऊन राहिलात. आता कळव्यात भाड्याची खोली आहे, मुलगी १५ वर्षांची झाली, शाळा तिने पाहिलेली नाही. आणि तुम्ही विचारता, दुसऱ्या नावाने दाखला काढून तिला दहावीला बसवू का?

कृपा करून असं करू नका. दहावीच्या गुणपत्रिकेवर चढलेलं नाव पुढे पॅनकार्ड, पासपोर्ट, नोकरी सगळीकडे जातं. उद्या कुणी तक्रार केली तर जाब तिला द्यावा लागेल. लपायचं तुम्ही ठरवलंत, तेव्हा ती कडेवर होती. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रातून रीतसर बदलता येतं. धमक्यांची भीती अजून असेल तर पोलिसांत लेखी द्या. अशा लग्नांवरून त्रास होणाऱ्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्देश आहे.

आधी जन्मदाखला. वर्ष उलटून गेलेली नोंद २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होते. ती जन्मली त्या गावच्या ग्रामपंचायतीतून नोंद नसल्याचा दाखला आणा. बाळंतपण करणारी सुईण हयात असेल तर तिचा जबाब मोलाचा. एजंटाच्या नादी लागू नका.

बाहेरून दहावीला बसण्याचा बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म तिला आज चालणार नाही, त्याला किमान पाचवी पास लागते. पण एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत, १४ पूर्ण असले की दहावीला नाव घालता येतं. मागचा दाखला नसला तर अभ्यास झेपेल एवढं स्वतः लिहून द्यायचं. पाच विषय, मराठी माध्यम आहे, आणि नोंदणी पाच वर्षं टिकते. एकेक विषय सोडवत गेली तरी चालेल.

आता मला खटकलेली गोष्ट. तुम्ही लिहिता, ‘तिला काहीच येत नाही.’ पुढच्याच पानावर लिहिता की किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून ती वाचायला शिकली. वानरं खाकरली की बिबट्या कुठल्या बाजूने चाललाय हे ती सांगते. सावर कधी फुलली, भेकर पाण्यावर कधी आलं, हे तिने चार वर्षं वहीत टिपलंय. अहो, हीच तर निरीक्षणाची नोंद! बी.एस्सी.ला आलेल्या मुलांना ही सवय लावताना शिक्षक थकतात. बारावी विज्ञान झाली की वनरक्षक भरती आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे. ती फार दूर वाटत असेल तर तोवर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात घेऊन जा. ठाणे खाडीतले रोहित पक्षी पाहून ती काय बोलते ते ऐका.

कळवा स्टेशनवर गाडी आली की ती तुमचा शर्ट घट्ट धरते, असं लिहिलंत. धरू दे. गर्दीच्या वेळा टाळा, दुपारी एकेक स्टेशन करत न्या. शाळेची घाई नको.

पत्र तुमचं आहे, तिचं एक वाक्यही त्यात नाही. म्हणून येत्या शनिवारी नौपाड्यात दोघेही या, वही घेऊन. पहिला अर्धा तास मी फक्त तिच्याशी बोलेन, तुम्ही बाहेर बाकावर बसा. दार उघडंच ठेवीन, तुम्ही तिला दिसाल.